रिकाम्या ऐरणीवर तीन घाव

इब्राहीम उस्ताद, तुमची ऐरण कालही वाजली. तुम्हाला कबरस्तानात ठेवून आलो त्याला आज बारा दिवस झाले, आणि वसमतच्या आपल्या हुनर शाळेत, दिवेलागणीला, कुलूप घातलेल्या लोहारखान्यातून तीन घाव ऐकू येतात. ठण्, ठण्, ठण्. मधे तुमच्याएवढीच उसंत. दुसरा घाव जरा हलका, तुमचा असायचा तसाच. मी शेजारच्या खोलीत पोरांचे नकाशे गुंडाळत असतो. लोहारखान्याची किल्ली माझ्याच खिशात असते.

पहिल्या दिवशी मी स्वतःवरच खेकसलो. म्हटलं, गंगाधर मास्तर, पन्नाशी उलटली, आता कान वाजायला लागले तुमचे. दुसऱ्या दिवशी मात्र कुलूप काढून आत गेलो. भात्यावर धूळ, भट्टीत गार राख, सांडश्या खुंटीला. तुमचा हातोडा ठोकळ्यावर निजलेला. ऐरणीवर लोखंडाच्या पापड्या पडलेल्या असतात ना, त्या सगळ्या कडेला सरकल्या होत्या आणि मधली जागा स्वच्छ होती. मी तिथं तळवा टेकला. पौषातली थंडी, दाराची कडी हाताला चटका देईल अशी गार, आणि ऐरण कोमट. आत्ता कुणी हात उचलून घेतल्यासारखी. मी बाहेर आलो तेव्हा माझं धोतर घामानं ओलं होतं, हे तुम्हाला सांगायला लाज कसली.

भाभींना सांगावं की नाही, या विचारात मी दोन दिवस घालवले. शेवटी हमीदाभाभींनीच बोलावून घेतलं. तुमचं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत, त्यांना ऐकू येणारच की.

"मास्तर," पडद्याआडून म्हणाल्या, "जियारतीला, तिसऱ्या दिवशी, थोरल्या जेठांनी ऐरणीवर तीन घाव घातले. तुमी व्हताच तिथं. मग ऐरण मानत काहून न्हाई?"

मी खाली मान घालून चहा प्यालो आणि उठलो. पण कारण मला ठाऊक आहे, उस्ताद. तुमच्या ऐरणीला तुम्ही गेलेले कळत नाही, आणि ते माझ्यामुळं कळत नाही. अकरा वर्षं जे पोटात ठेवलं ते आता कागदावर काढतो. तुमच्या तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही, तेव्हा हे असं.

तुम्हाला युसुफसाहेब आला तो दिवस आठवत असेल. खरं नाव योसेफ, पण स्टेशनावरून बैलगाडीत बसेपर्यंतच तुम्ही त्याचा युसुफ केला होता. निजाम सरकारचं आणि जर्मनीतल्या कुठल्याशा मंडळाचं ठरलं होतं: त्यांनी एक पट्टीचा लोहार पाठवायचा, आपण एक उस्ताद द्यायचा, दोघांनी मिळून तीन वर्षं पोरांना शिकवायचं. एकट्यानं नाही. दोघांतला एक जरी उठला तरी शाळेला टाळं. आणि मधे दुभाष्या म्हणून मी, नकाशे काढायला शिकवणारा मास्तर, कारण अख्ख्या तालुक्यात मोडकंतोडकं इंग्रजी येणारा आणि सांगेल तिथं नाचणारा मीच सापडलो. साहेबाचं इंग्रजीही माझ्यासारखंच लंगडं होतं. आमचं जमायचं.

तुमचं आणि त्याचं मात्र पहिल्या दिवशी बिनसलं. त्यानं कुदळीची जाडी मोजायला खिशातून माप काढलं आणि तुम्ही भडकलात. "ह्या गोऱ्याला विचारा मास्तर, त्याच्या बापानं तरी कधी कुदळ धरली व्हती का?" मी साहेबाला सांगितलं, उस्ताद तुमच्या वडिलांची तब्येत विचारतात. साहेबाचे डोळेच भरून आले. त्यानं बापाचं सगळं सांगितलं, गुडघे, दमा, गावातली भट्टी, पाव घटका बोलत होता. तुम्ही माझ्याकडं संशयानं बघत म्हणालात, "एवढं लांबलचक? म्या तर शिवी दिल्ती." मी म्हटलं, त्यांची भाषाच लांब आहे. त्या दिवसापासून तुम्ही मला 'गोड मास्तर' म्हणायला लागलात. चारचौघांत म्हणायचात. मला ते कौतुक वाटायचं, काय सांगू.

पण खोटं कशाला, तुम्हा दोघांना माझी फारशी गरज उरलीच नाही पुढं. घणकऱ्याला खूण करायची तुमची जुनी पद्धत साहेबानं आठ दिवसांत उचलली. लहान हातोडीनं ऐरणीच्या कडेला एक टिचकी म्हणजे 'बराबर'. दोन टिचक्या म्हणजे 'न्हाई, थांब'. त्यावर तुमचं आख्खं संभाषण चालायचं. तो माप लावून नकाशा दाखवायचा, तुम्ही दोन टिचक्या. तुम्ही डोळ्यानं बघून पुन्हा वाकवायचात, तो माप लावायचा, तोंड वेडंवाकडं करायचा आणि नाइलाजानं एक टिचकी. पोरं खुदुखुदु हसायची.

आणि पाणी पाजताना तापल्या पोलादावर उमटायचे ते रंग! साहेबाच्या पुस्तकात गवताचा रंग, तपकिरी, जांभळा, निळा असं छापलं होतं. तुम्ही म्हणालात, कोणतं गवत? कोरडं का हिरवं? आमच्या पोरांना हळद कळती. मग साहेबानं पुस्तकावर रेघ मारली आणि फळ्यावर तुमचे रंग लिहून घेतले, माझ्याच हातून: हळद, गूळ, जांभूळ, मोरपीस. छिन्नीला हळद दिसली की पाण्यात, कुदळीला जांभूळ. कुरुंद्याच्या हळदीच्या रानात आजही त्या कुदळी चालतात, माझ्या भावकीतच चार आहेत. साहेबानं तो तक्ता आपल्या देशाला पाठवला होता. तिकडचं कोणी पोरगं भट्टीपुढं उभं राहून 'हळद, हळद' ओरडत असेल, असं म्हणून तुम्ही हसायचात. तुमचं ते हसू मला आज फार आठवतं.

आता मुद्द्याचं. पहिल्या आठवड्याची ती संध्याकाळ.

काम संपलं. पोरं हात धूत होती. साहेबानं तुमचा हातोडा उचलला आणि तुमच्या रिकाम्या ऐरणीवर तीन घाव घातले, सावकाश, आणि हातोडा ठेवून हसला. तुमच्या तोंडावरचं रक्त उतरलेलं मी पाहिलं. तुम्ही खांद्यावर पंचा टाकून निघून गेलात. मला वाटलं, परक्यानं हातोडा धरला म्हणून राग आला असेल.

तीन दिवस तुम्ही आला नाहीत. तिसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी आलो. तुम्ही भिंतीला टेकून बसला होता आणि भाभी आत रडत होत्या. मला बघून तुम्ही म्हणालात, "या मास्तर. जियारतीला आलात?"

तेव्हा मला तुमच्या बिरादरीची रीत कळली. लोखंड नसताना ऐरणीवर हातोडा पाडायचा नाही, कधीच नाही. तो एकदाच पडतो. लोहार गेला की तिसऱ्या दिवशी घरातला थोरला रिकाम्या ऐरणीवर तीन घाव घालतो. ऐरणीला सांगायचं, तुझा धनी गेला बाई, आता त्याची वाट बघू नको. साहेबानं जितेपणी तुमची मैयत तुमच्या ऐरणीला कळवली होती.

मी साहेबाकडं पळत गेलो. विचारलं, हे तीन घाव कशाचे? तो म्हणाला, आजोबांनी शिकवलेलं आहे. ऐरणीखाली सैतान साखळीनं बांधलेला असतो. दिवसभर तो साखळी घासत बसतो. लोहारानं संध्याकाळी तीन थंड घाव घातले की कड्या पुन्हा घट्ट होतात. एखाद्या संध्याकाळी विसरलं तर तुटेल आणि तो सुटेल जगभर. सांगताना तो हसत होता, पण उस्ताद, अर्धवटच हसत होता.

आता माझी अवस्था बघा. तुम्ही पाच वक्ताचे नमाजी. तुम्हाला जाऊन सांगू, की साहेब तुमच्या ऐरणीखाली सैतान बांधून ठेवतोय? तुम्ही पुन्हा शाळेची पायरी चढला नसतात. साहेबाला सांगू, की तू एका जित्या माणसाला मेलेला ठरवलंस? तो बिचारा त्याच गाडीनं परत गेला असता. शाळेला टाळं, अन् तीस पोरं घरी. आणि हेही लिहितो, की माझी दुभाषेगिरी गेली असती. गावात मला साहेबाशेजारी चालताना बघून लोक वाट सोडायचे. ते मला हवं होतं.

म्हणून मी येऊन तुम्हाला सांगितलं, "उस्ताद, त्यांच्यात लोहार दिवस संपला की तीन सलाम करतो. एक गुरूला, एक ऐरणीला, एक उद्याच्या कामाला."

तुम्ही विचारलंत, "खरंच असं बोल्ला?"

"बराबर असंच."

"मग माझ्या ऐरणीनं कसं वळखावं मास्तर? सलाम कोनता अन् मैयत कोनती?"

याचं उत्तर तुम्हीच काढलंत. दुसऱ्या दिवशी आलात, आणि संध्याकाळी साहेबाच्या बरोबरीनं स्वतःही तीन घाव घातलेत. "रोज घालू," म्हणालात, "म्हंजी तिला सवय व्हईल. घाबरायची न्हाई ती." पाहुण्याचा मान राखायला तुम्ही बापजाद्यांची रीत मोडलीत, आणि ती माझ्या थापेवर मोडलीत. साहेबाला मी यातलं अक्षर सांगितलं नाही. त्याला वाटलं, उस्तादांना आजोबांची गोष्ट आवडली.

मग ठरलेली तीन वर्षं सरली, निजाम सरकारनं शाळा स्वतःच पुढं चालवायची ठरवली, तोच लढाई सुरू झाली आणि एक दिवस पोलीस येऊन साहेबाला घेऊन गेले. तो आता दुश्मनाच्या मुलखातला माणूस होता म्हणं. मी त्या दिवशी कुरुंद्याला, भाचीच्या लग्नात. परत आलो तर त्याची खोली झाडलेली. तुम्ही सांगितलंत, "मास्तर, घटकाभर बसू दिलं आमाला. बोल्लो आमी." मी विचारलं, दुभाष्याशिवाय काय बोललात? तुम्ही हातानं उडवून लावलंत. मला जरा लागलंच ते.

त्यानंतर आठ वर्षं तुम्ही एकटे तीन घाव घालत राहिलात. तापात, उन्हाळ्यात, सुटीच्या दिवशीसुद्धा तिन्हीसांजेला, मगरिबच्या नमाजाआधी चालत यायचात. औंढ्याला नागनाथाच्या जत्रेत कुदळी विकायला गेलो होतो तेव्हाही तुम्ही दुपारीच परत फिरलात. मी वैतागलो होतो. "अहो, एक दिवस सलाम चुकला तर काय बिघडतं?" तर तुम्ही म्हणालात, "चुकवून चालत न्हाई, मास्तर." एवढंच. मी आपला रस्ताभर कुरकुरत राहिलो.

शेवटच्या दिवशी तुम्ही मला बोलावलंत. छाती भरून आली होती, श्वास घरघरत होता. भाभींना बाहेर जायला सांगितलंत. मग म्हणालात, "गोड मास्तर, आता तरी सांगा. साहेब त्या दिवशी काय बोल्ला व्हता?"

मी तुमचा हात धरून तेच सांगितलं. गुरूला, ऐरणीला, उद्याच्या कामाला. म्हटलं, मरणाऱ्या माणसाला आता सैतान कशाला ऐकवू. तुम्ही डोळे मिटलेत. आणि खाटेच्या लाकडावर तुमचं बोट दोनदा आपटलं. टक् टक्. मला वाटलं, ताप आहे, हात उडतोय.

काल भाभींनी तुमची पत्र्याची पेटी माझ्यापुढं सरकवली. आत साहेबाच्या वहीतला एक कागद होता. त्याच्याच हातचं चित्र: ऐरण, तिच्याखाली शिंगांचा एक जण बसलेला, गळ्यात साखळी, आणि वर दोघं लोहार हातोडे घेऊन. एकाला त्यानं दाढी काढली होती. तुमची दाढी. कागदाच्या कडेला तुमच्या हातचं उर्दू. मी सरकारी शाळेत उर्दूच शिकलो, मला वाचता आलं. 'शैतान की जंजीर.'

तुम्हाला माहीत होतं! आठ वर्षं माहीत होतं. दुभाष्या नसलेल्या त्या एका घटकेत साहेब जे सांगायचं ते सांगून गेला. आणि तरी तुम्ही, नमाजी माणूस, रोज तिन्हीसांजेला ते तीन घाव घालत राहिलात. तिकडं सगळा मुलूख पेटलेला, साहेब कुठल्याशा छावणीत तारांमागं, आणि इकडं वसमतात तुम्ही एकटे त्याची साखळी घट्ट करत होता. मला तेव्हा वाटायचं, म्हातारा हट्टी झालाय.

पेटीच्या तळाशी एक साखळीही होती. तीन कड्यांची, वीतभर. दोन कड्या सांधलेल्या, तिसरी उघडी.

"ही काहून उघडी?" मी भाभींना विचारलं.

भाभी म्हणाल्या, "ते म्हनायचे, मास्तर खरं बोलंल त्या दिवशी जोडीन. लई वाट पाह्यली त्यायनी. तुमचा राग न्हवता, मास्तर. हसतच म्हनायचे."

मी तिथंच बसून रडलो. भाभींसमोर, लेकरासारखा. दोन टिचक्या म्हणजे 'न्हाई, थांब', हे मी रोज ऐकत होतो हो, अकरा वर्षं. आणि तुमच्या खाटेवर वाजल्या तेव्हा मला ताप वाटला.

तेव्हा आज दिवेलागणीच्या आधीच मी लोहारखाना उघडला. साखळी ऐरणीवर ठेवली. दोन्ही तळवे टेकले. कोमट होती. आणि मोठ्यानं बोललो, वर्गात बोलतो तसा. म्हटलं, "ऐरणबाई, तुझा धनी इब्राहीम उस्ताद गेला. हे सलाम न्हाईत. तुला सवय लागली ती माझ्या खोट्यापायी. साहेब सैतानाची साखळी म्हणाला होता, मी सलाम सांगितला. उस्तादाला कळलं होतं, तरी मी शेवटपर्यंत तेच सांगितलं. माझं चुकलं. त्याला आता मोकळं कर." मग हातोडा उचलून, माझ्या नकाशेवाल्या हातानं, साखळीच्या शेजारी रिकाम्या ऐरणीवर तीन घाव घातले. वाकडेतिकडेच पडले. तुम्ही हसला असतात.

हातोडा ठेवला. बाहेर आलो, कुलूप लावलं, पायरीवर बसलो.

मशिदीत अजान झाली. गल्लीत दिवे लागले. कालपर्यंत ज्या घटकेला वाजायचे ती घटका आली आणि गेली. काही वाजलं नाही. माझ्या छातीवरचं ओझं उतरायला पाहिजे होतं, पण उस्ताद, मला भयंकर एकटं वाटलं. बारा दिवस मी घाबरत होतो, पण तुम्ही होता. आता कळलं, की तुम्ही खरंच गेलात. मी गुडघ्यांवर हात टेकून उठलो आणि दोन पावलं चाललो असेन.

मागं, बंद दाराआड, ऐरणीवर एक घाव पडला.

मी जागच्या जागी थिजलो. मागं वळायची हिंमत झाली नाही. कान सगळा त्या दाराकडं, दुसऱ्या घावासाठी: एक म्हणजे 'बराबर', दोन म्हणजे 'न्हाई, थांब'. गल्लीतली माणसं नमाज आटपून परतली, भाभींनी दारातून दोनदा हाक मारली, तरी मी तसाच उभा होतो. दुसरा घाव आला नाही.